फाटकापर्यंतची शातो मार्गो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: फ्रान्स सहलीत 'शातो मार्गो' (बोर्दोजवळची द्राक्षबाग व वाईनची इस्टेट) न दाखवल्याबद्दल व त्यासाठी घेतलेली जादा रक्कम परत मिळण्याबद्दल.

महोदय,

सप्टेंबरअखेर निघालेल्या आपल्या फ्रान्स सहलीत मी आणि माझी पत्नी होतो. आयफेल टॉवर, बोटीतली फेरी, रात्रीचा वरणभात यांबद्दल काही म्हणणे नाही. वरणभात तर उत्तमच होता. तक्रार एकाच दिवसाची आहे, पण आम्ही सहल घेतली ती त्याच दिवसासाठी, आणि त्याचे माणशी 18,500 रुपये वेगळे भरले होते.

तुमच्या माहितीपत्रकात सातव्या दिवसासमोर छापले आहे: 'जगप्रसिद्ध शातो मार्गोला भेट, तळघर पाहणी व तेथील रेड वाईनची चव.' प्रत सोबत जोडली आहे.

झाले ते असे. बोर्दोहून निघालेली बस तासाभराने चिनाराच्या जातीच्या झाडांच्या दुतर्फा रांगेपाशी थांबली. टोकाला उंच खांबांचा वाडा, मध्ये बंद फाटक. टूर मॅनेजर उतरले, फोनवर काहीतरी बोलले आणि परत येऊन म्हणाले, "फोटो काढून घ्या, वीस मिनिटं आहेत." आत जायला आधी लिहून वेळ ठरवावी लागते आणि ती कोणी ठरवलीच नव्हती, हे त्यांनीच रात्री हॉटेलात कबूल केले. यात शातोवाल्यांचा काही दोष नाही. न सांगता बसभर पाहुणे दारात आले तर मीही बागेचे फाटक उघडणार नाही, त्यातून काढणीच्या दिवसांत तर नाहीच.

फोटोनंतर गावातल्या एका दुकानात नेऊन दोन-दोन घोट पाजले आणि "हीच ती मार्गो" असे सांगितले. प्रत्येक जोडप्याला एक बाटलीही दिली. बसमध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, खोटे कशाला सांगू.

घरी आल्यावर मुलाने बाटली उलटसुलट करून पाहिली. तो म्हणाला, "दादा, ही मार्गो आहे, पण शातो मार्गो नाही." मार्गो हे गावाचे नाव. त्या गावाच्या आणि शेजारच्या कांतनाक, सूसां, लाबार्द, आर्साक यांच्या हद्दीत नियमाप्रमाणे केलेल्या रेड वाईनला 'मार्गो' हे नाव लावता येते. शातो मार्गो ही त्यातली एक इस्टेट. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी झाली, तेव्हा पहिल्या प्रतीत जी चार नावे आली त्यात ती होती. पाचवे नाव त्या यादीत चढायला 1973 साल उजाडले. शातो मार्गोच्या लेबलवर त्या खांबांच्या वाड्याचे चित्र असते. आम्हाला मिळालेल्या बाटलीवर द्राक्षाचा घोस आहे. ती वाईन वाईट असेल असे मी म्हणत नाही. ती दुसऱ्या कोणाची तरी आहे, एवढेच. आणि खुद्द शातो मार्गोतसुद्धा सगळा माल एका नावाने जात नाही. निम्म्याहून कमी माल मुख्य वाईनला लागतो, उरलेल्यातून 'पाव्हियों रूज' आणि आणखी खालच्या नावाची वाईन होते. जे लोक आपल्याच बागेतल्या मालाची इतकी निवड करतात, त्यांचे नाव तुम्ही दुकानातल्या कुठल्याही बाटलीला लावलेत.

आता आम्हाला त्या फाटकाच्या आत काय पाहायचे होते तेही सांगतो, म्हणजे वीस मिनिटांची किंमत कळेल. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. थॉमसन या खायच्या द्राक्षांत तीस वर्षे गेली. मुलाने दोन एकरांत काबर्ने सोव्हिन्यो ही वाईनच्या द्राक्षाची जात लावली आहे आणि शातो मार्गोत मुख्य जात तीच. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आत वेली बसतात, तिथे एकरी चार हजार. वेल कमरेएवढी, मांडव नाही, छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा कात्री धरतो. जमीन म्हणजे नुसती खडी आणि गोटे. बसच्या काचेतून एवढे दिसले, ठिबकची नळी मात्र कुठे दिसली नाही.

1977 साली आंद्रे मेंत्झेलोपुलोस या किराणा दुकानांच्या साखळीच्या मालकाने ही इस्टेट घेतली, तेव्हा बोर्दोचा बाजार पडलेला होता आणि बागेची रया गेलेली. त्यांनी पैसा ओतला तो निचऱ्यावर, नव्या लागवडीवर आणि तळघरावर. 1980 मध्ये ते गेले आणि मुलगी कोरिन हिने कारभार हाती घेतला. आमच्या खालच्या प्लॉटला दर पावसाळ्यात पाणी धरते, वेलींवर डावणी हा बुरशीचा रोग येतो. खडीखालचा निचरा कसा काढतात हे कोणाला तरी विचारायचे म्हणून मी घरून फ्रेंचमध्ये पाच प्रश्न लिहून नेले होते. तिथे वाईनची लाकडी पिंपे बनवणारा कारागीर इस्टेटीतच असतो, त्याचे काम पत्नीला पाहायचे होते. प्रश्नांचा तो कागद तसाच घडी घातलेला परत आला.

माझ्या ईमेलला तुमच्या कार्यालयाने एका ओळीचे उत्तर दिले: 'आपले शातो मार्गो दर्शन वेळापत्रकानुसार पूर्ण झाले आहे.' पंढरीत गर्दीमुळे आत जाता आले नाही तर वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानतो. पण त्याच्याकडून विठोबाच्या पायांवर डोके ठेवण्याचे 18,500 रुपये कोणी आधी घेतलेले नसतात.

दोघांचे मिळून 37,000 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत आणि पुढच्या सहलीच्या पत्रकातून ते वाक्य काढावे किंवा खरोखर वेळ ठरवून मगच छापावे. तसे न झाल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन; 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे हेलपाटे तुम्हाला घालावे लागतील.

बाटली फोडलेली नाही. हवी असल्यास माणूस पाठवून घेऊन जावी.

आपला,
निफाड तालुक्यातील एक ग्राहक

सोबत: माहितीपत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, बाटलीच्या लेबलचा फोटो, फाटकाचा फोटो (बाहेरून)