हातावरच्या अळूच्या पानाबद्दल

प्रिय आई, बाबा,

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी बाही वर सरकली आणि बाबांनी "याचा अर्थ काय?" एवढंच विचारून फोन आईकडे दिला, तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. फोनवर बोलायला गेलं की आपलं वाजतंच, म्हणून लिहितेय, चहा घेऊन निवांत वाचा.

तर बाबा, अर्थ काहीच नाही. अळूचं पान आहे. आपल्या मोरीमागे सांडपाण्यावर वाढतं ना, तेच. ऑफिसात पण सगळे हेच विचारतात, अर्थ काय, कुणाच्या आठवणीत काढला, आणि मी पान म्हटलं की तोंड पाडतात. पण मला खरंच वाटतं की टॅटू चांगला का वाईट हे त्यामागच्या स्टोरीवर ठरतच नाही, तो ठरतो हातावर, म्हणजे काढणाऱ्याच्या हातावर. स्टोरी कितीही भारी असूदे, रेघ थरथरली तर थरथरलीच.

हे मला कसं कळलं ते सांगायचंय, आणि आई, तू आधी बसून घे. सात वर्षांपूर्वी मी मनगटावर पहिला टॅटू काढलेला. तुझ्यासाठी. 'आई' असा. आणि तो 'आइ' झाला. ई च्या डोक्यावरचा रफार स्टेन्सिलमध्ये, म्हणजे आधी कातडीवर उमटवतात त्या छापात, आलाच नाही, काढणाऱ्याला मराठी येत नव्हतं, आणि मी इतकी घाबरलेली की बघून ओके ओके म्हटलं. घरी येऊन रडले. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईच्या पोरीच्या हातावर ऱ्हस्व आई! तेव्हापासून ते रुंद पट्ट्याचं घड्याळ, ज्याला तू "पुरुषी" म्हणायचीस, ते त्यासाठी होतं. रफार नंतर घालता आला असता, पण अक्षरंच नखाएवढी, वर जागाच नव्हती. आणि दोन वर्षांत आ चा काना शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटला.

ते असं होतं की शाई कातडीच्या वरच्या थरात नसतेच, वरचा थर तर आपण सारखा टाकत असतो, ती त्याच्या खालच्या थरात असते. तिथे शरीरातल्या पेशी तिला कचरा समजून गिळून बसतात, त्या मेल्या की दुसऱ्या येऊन गिळतात, असं जन्मभर चालतं आणि त्यात रेघ हळूहळू रुंदावते. म्हणून चांगल्या टॅटूत मोकळी जागा सोडलेली असते, पुढच्या वीस वर्षांची. इथे पुण्यात किती पोरांच्या हातावर राजमुद्रा असते, आणि हौस म्हणून रुपयाएवढ्या गोलात आख्खा श्लोक. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' मधलं ते च्च आणि द्र एवढ्याशा जागेत कसं टिकणार? काही वर्षांत नुसता डाग दिसतो, वाईट वाटतं बघून. काढायचीच तर तळहाताएवढी काढा ना. बोटांवरचे तर घेऊच नयेत, घासून घासून उडतात. हे आपलं माझं मत.

लेझरचा पण विचार केलेला. काळी शाई लेझरला त्यातल्या त्यात लवकर दाद देते, पण बऱ्याचदा जावं लागतं आणि खर्च ऐकून परत आले. मग कव्हर-अप, म्हणजे जुना झाकायला त्याच्यावरच नवा टॅटू. त्यात जुन्यापेक्षा मोठं आणि गडद काहीतरी लागतं, आणि अळूचं पान किती गडद असतं ते आईला सांगायला नको, वड्या करतेसच. ह्या वेळी जिच्याकडे गेले तिने आधी तीन आठवडे नुसती चित्रंच काढली, एक दिवस मंडईतून खरं पान घेऊन आली. शिरा तिने काढल्याच नाहीत बघ, त्या सोडल्यात. आजूबाजूला काळं भरलंय आणि शिरेच्या जागी माझीच कातडी आहे. हात वळवला की देठ मनगटाबरोबर वळतो. 'आइ' कुठे होतं ते आता मलाही शोधावं लागतं.

सुई माझ्यासमोर पाकीट फोडून काढली, आई, ते विचारायच्या आधीच सांगते. टॅटूवाल्या बाई हळद-खोबरेल लावू नकोस म्हणाल्यात, खपली आपोआप पडू द्यायची. आणि वर्षभर रक्तदान बंद, त्यामुळे ह्या गणपतीत मंडळाच्या शिबिरात बाबांनी माझं नाव घालू नये.

आता बाबा, तुमच्याबद्दल. तुम्ही मला अर्थ विचारताना तुमच्या डाव्या हातावर काय आहे? 'पांडुरं'. पालच्या जत्रेत चार आणे अक्षर होतं, तुमच्याकडे बारा आणे होते, आणि गोंदणाऱ्याने तीन अक्षरं करून हात सोडला. आत्या अजून पांडुरं म्हणते. जत्रेत एकच सुई सगळ्यांना चालायची, कावीळ नाही झाली हे नशीब. पण सांगू का, काम चांगलंय. पन्नास वर्षं झाली, काळ्याचं हिरवट-निळं झालं, रेघ जाडावली, तरी अंगणातून वाचता येतं. त्या माणसाने अक्षरं मोठी काढली आणि मध्ये जागा सोडली. माझ्या हजारो रुपयांच्या 'आइ' पेक्षा ते तीन अक्षरी नाव लाख पटीने बरं.

आणि तुम्हाला ते मशीन बघायला आवडलं असतं. जुन्या टाइपचं मशीन म्हणजे आपली दारावरची बेल आहे, खरंच. दोन कॉइल, वर स्प्रिंगची पत्ती, कॉइलने पत्ती ओढली की सर्किट तुटतं, सुटली की जोडतं, आणि तेवढ्यात सुई खालीवर. सॅम्युअल ओ'रायली नावाच्या माणसाने 1891 साली न्यूयॉर्कला पहिल्या इलेक्ट्रिक मशीनचं पेटंट घेतलं, ते एडिसनच्या कागदाला भोकं पाडायच्या पेनवरून. आता बिनआवाजाची मोटरवाली आलीत पण ह्या बाई कॉइलवालंच वापरतात, आणि एका मशीनची कॉइल जळलीये. मी म्हटलं, आमच्या घरी चाळीस वर्षं मोटर रिवाइंडिंग झालंय. त्यांनी ती पिशवीत घालून दिलीये, शनिवारी घेऊन येते.

त्यांना तुमच्या हाताचा फोटो दाखवला, रागवू नका. र च्या पुढे ग मावतो म्हणाल्या, जाडी पण जुळवून देतील. स्टेन्सिल लावायच्या आधी आई तपासेल. बघा, विचार करा.

तुमची,
ठमी