टिक टिक आवाजासाठी पहाटे सहाला आलेल्या सरांना

सर, नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय.

आमची 2010 ची पेट्रोल गाडी, बाबांनी घेतलेली. सकाळी थंड असताना चालू केली की टिक टिक टिक, आणि दहा मिनिटांत गप्प. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापून आवाज बंद झालेला असायचा आणि मी तिथं "अहो खरंच येतोय ओ" करत उभा. एकानं टॅपेट सेट केले. दुसऱ्यानं चेक इंजिनचा लाइट बघून स्कॅनर लावला, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दाखवतंय म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर नवा घातला, आठवड्यात लाइट परत हजर. मधे जोतिबाला जाऊन आलो तर आईचं डोकं ठणकत होतं, आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल.

तुम्ही एवढंच विचारलंत, "तापल्यावर जातो का आवाज?" आणि म्हणालात रात्रभर गाडी हलवू नको, सकाळी सहाला येतो. आलात ते हातभर रबरी नळी घेऊन! एक टोक कानाला, दुसरं इंजिनभोवती फिरवत, पंख्यापासून लांब, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा नळ्यांचा भाग) तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबून नळी माझ्या कानाला लावलीत. फट फट फट. टॉर्च मारून बघितलं तर तिथंच काजळीचा काळा ओघळ. दोन गॅरेजं फिरून जे कळलं नाही ते नळीच्या तुकड्यानं दाखवलं, आयटीआयची पोरं तुमच्याबद्दल अजून का बोलतात ते तेव्हा समजलं.

मग पायरीवर बसून सांगितलंत ते मी जन्मात विसरणार नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, त्याला जोडलेला मॅनिफोल्ड बिडाचा, ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे रोज गाडी तापली-निवली की मधलं गॅसकेट (तुम्ही पॅकिंगच म्हणता) दोघांच्या मधे घासतंय, वर्षानुवर्षं. थंड असताना फट उघडी म्हणून टिक टिक, तापलं की फुगून फट मिटते. आणि धूर काही सलग येत नाही, ठोक्याठोक्यानं येतो, दोन ठोक्यांच्या मधे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ती दिसते, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि कॉम्प्युटर अजून पेट्रोल सोडतो. म्हणजे बिचारा जुना सेन्सर चांगलाच होता आणि नवाही तेच सांगत होता. शेवटी आईच्या डोकेदुखीचं विचारलंत. फटीतला धूर बॉनेटखाली, तिथनं ब्लोअरमधून आत, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. एवढं बोलून किल्ली तुमच्या खिशात टाकलीत. आईसमोर. मला राग आला होता सर, आता सांगतो.

इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या बाजूची, शंका मीच काढली होती. तिकडचं पॅकिंग गेलं तर वारा आत शिरतो आणि आयडलला आरपीएम वरखाली नाचतो, बरोबर ना? मी नेटवर बघून कार्ब क्लीनरचा डबा आणलेला, तो तुम्ही हातातनं काढून घेतलात, तापलेल्या इंजिनवर पेट घेईल म्हणून, आणि जोडावर साधं पाणी फवारलंत. आरपीएम हलला नाही. म्हणजे इनटेक निर्दोष.

काम मात्र माझ्याच हातानं करून घेतलंत. मॅनिफोल्ड काढायचा म्हणून आदल्या रात्री त्याच्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारलं होतं, सकाळी परत मारून थांब म्हणालात, मी थांबलो नाही, चौथ्या नटाला जोर लावला आणि स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) कट्! माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. तुम्ही ओरडला नाहीत, वेल्डरला फोन केलात. त्यानं उरलेल्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर नट बसवून वेल्ड मारला, ती उष्णता लागली आणि पान्यानं अख्खा स्टड अलगद फिरत बाहेर आला. तो तुकडा माझ्या टेबलावर आहे.

नवं गॅसकेट तसंच लावून मोकळा होणार होतो मी. तुम्ही मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातलंत तर 0.30 मिमीची पाती आरामात गेली, मॅन्युअलला हद्द 0.10 मिमी. वाकलाय. यावर दहा पॅकिंगं बदलली तरी उडणार. मग उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नेऊन फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर सपाट करून, आणला, तिथं तासाभरात झालं, कोल्हापुरात राहण्याचा एवढा तरी फायदा. तोवर हेडचा फेस मी प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडत बसलेलो, पोर्टात चिंध्या कोंबून, तारेचा ब्रश ॲल्युमिनियमला लावायचा नाही म्हणून दोन तास. सिलिकॉन लावू का विचारलं तर तुम्ही नुसतं बघितलंत. नको, कळलं.

नट मधल्यापासून बाहेरच्यांकडं आवळले, तीन फेऱ्यांत, 10, 18 आणि मग 25 न्यूटन-मीटर, हा आमच्या गाडीचा आकडा, वाचणाऱ्यांनी आपलं मॅन्युअल बघा. चालू केल्यावर बॉनेटखालून धूर निघाला तेव्हा मी घाबरलो होतो, ते सांडलेलं तेल जळत होतं, दहा मिनिटांत थांबलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी एकटाच नळी घेऊन उभा होतो. काही नाही, नुसती इंजिनाची घरघर. लाइटपण गेला. रविवारी आईला घेऊन जोतिबाला परत गेलो, येताना तिनं पूर्ण रस्ताभर भावकीचं लग्न सांगितलं, डोकं माझं दुखलं.

तुमचा टॉर्क रेंच अजून माझ्याकडंच आहे सर. शनिवारी संध्याकाळी आणून देतो, सोबत आईनं दिलेला भडंगाचा डबा. डबा परत द्यायची घाई करू नका, तिनं तसं बजावलंय.