पंच गप्प का राहिला

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

छकुलीच्या सामन्याचा व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंत, चेंडू अगदी रेषेला चिकटून पडला, पोरी धावत सुटल्या आणि पंचाने चकार शब्द न काढता नुसता मैदानाकडे हात केला, हा कसला निर्णय, आणि पंच चुकला तर काय? फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही. आता मीही इथे मुलींच्या सॉफ्टबॉलला पंच म्हणून उभी राहते, तेव्हा सविस्तर लिहिते.

त्या पंचाने अगदी बरोबर केलं. चेंडू फेअर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या दोन रेषांच्या आत, असेल तर तोंड उघडायचं नाही, हाताने आतल्या बाजूला दाखवायचं. फाउल, म्हणजे रेषेबाहेर, असेल तर दोन्ही हात वर करून मोठ्याने ‘फाउल!’ म्हणायचं. फेअर चेंडूवर खेळ चालू असतो, फाउल म्हटलं की तो तिथल्या तिथे थांबतो. चालू खेळात पंच काहीही ओरडला तरी पोरी थबकतात. अकरा-बारा वर्षांच्या त्या. काय ओरडला हे कळायच्या आधी पाय थांबलेले असतात. त्यात फेअर आणि फाउल कानाला जवळजवळ सारखेच, आणि कडेला पालकांचा गलका. म्हणून पोरींना एवढंच शिकवतात की पंचाचा आवाज येईपर्यंत पळत राहा. चेंडू मैदानाच्या मधोमध गेला तर हात करायचीही गरज नसते.

रेषेच्या बाबतीत मात्र तुमची क्रिकेटची नजर फसेल. क्रीजच्या रेषेवरच बॅट राहिली तर आपल्याकडे फलंदाज धावचीत होतो. इथे रेष फेअरमध्ये धरतात. चेंडूची कड रेषेला निसटती लागली तरी फेअर. होम प्लेट, म्हणजे मारणारी जिच्याशेजारी उभी राहते ती पाटी, तीही फेअर जागेतच येते. प्लेटवर आपटला की फाउल, ही समजूत पालकांमध्ये फार पक्की आहे, पण ती चुकीची. आणि बघायचा तो चेंडू. क्षेत्ररक्षक मुलीचे पाय रेषेबाहेर असोत, तिने रेषेच्या आतला चेंडू हात लांबवून शिवला तर तो फेअरच.

खरी कसोटी सरपटी चेंडूची. बेस म्हणजे पळणारीने गाठायचे थांबे, त्यातले पहिला आणि तिसरा या रेषांवर असतात. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या पुढे जाणारा चेंडू बेसवरून जाताना कुठे होता एवढंच बघायचं. आत असला की फेअर, मग पुढे जाऊन तो बाहेर वळो. बेसला लागला तरी फेअर. पण बेसच्या अलीकडे असेल तर तो थांबेपर्यंत किंवा कोणी शिवेपर्यंत काहीच ठरत नाही. हळू मारलेला चेंडू रेषेवरून डुगडुगत निघतो, बाहेर जातो, खड्डा लागला की परत आत येतो. कॅचर, म्हणजे मारणारीच्या मागे चेंडू पकडायला बसणारी, त्याच्यावर ओणवी उभी असते, बाहेर गेला की पटकन उचलू म्हणून. मारणारी जीव तोडून पहिल्या बेसकडे पळते. दोन्हीकडचे प्रशिक्षक ‘फाउल, फाउल’ आणि ‘पळ, पळ’ ओरडत असतात. अशा वेळी पंचाने हूं की चूं न करता चेंडूसोबत चालायचं. मला पंचगिरीतला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि सगळ्यात अवघडही तोच.

उंच उडालेल्या चेंडूचंही तसंच. तो रेषेबाहेर पडणार हे दिसत असतं, तरी आधी बोलायचं नाही, कारण बाहेर झेलला तरी बॅटर बाद होते आणि खेळ चालू राहतो. बेसवरच्या मुली झेल झाल्यावर पुढे पळू शकतात. जमिनीवर पडला किंवा हातातून सुटला की मग ‘फाउल’.

पहिला बेस तुम्हाला व्हिडिओत दुहेरी दिसला असेल, अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी. पळणारी आणि चेंडू पकडणारी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून तो तसा केलाय. पांढरा भाग फेअर जागेत, नारिंगी बाहेर. चेंडू फक्त नारिंगीला लागला तर फाउल.

आता तुमचा मुख्य मुद्दा, पंच चुकला तर? चूक दोन्हीकडून होते, पण दोन्हींचं नुकसान सारखं नसतं. फाउल चेंडूवर पंच गप्प राहिला आणि मग दुसऱ्या पंचाने तो बाहेर गेलेला पाहिला असं निघालं, तर पोरींना आपापल्या बेसवर परत नेता येतं. फेअर चेंडूवर ‘फाउल’ ओरडलं तर खेळ तिथेच मेला. पळणारी थांबली, पकडणारीने हात खाली सोडले. पुढे काय झालं असतं हे कोणी सांगावं? एका पोरीचा हक्काचा फटका अशाने वाया जातो, आणि तिला त्याचं कारण देता येत नाही. म्हणून खात्री नसेल तर मी तोंड मिटून ठेवते.

पोरींच्या सामन्याला बऱ्याचदा एकच पंच मिळतो. बेस ६० फुटांवर असतो, म्हणून फटका बसताच कॅचरच्या मागून बाहेर यायचं, डाव्या हाताने मुखवटा काढायचा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं आणि चेंडू पडायच्या क्षणी थांबलेलं असायचं. धावता धावता पाहिलं तर नजर हलते. दोघे पंच असतील तर पहिल्या बेसपलीकडची रेष सहसा दुसरा बघतो आणि काम पुष्कळ सोपं होतं.

तुम्ही इतकी वर्षं क्रिकेटचे सामने पाहिलेत, म्हणून विचारते. कडेला उभे असलेले पालक निर्णयाच्या आधीच ओरडायला लागतात. मी त्यांच्याकडे बघत नाही, पण कान बंद होत नाहीत. अशा गलक्यात पंचाने काय करावं, तुम्हाला काय वाटतं ते लिहून कळवा. पुढच्या शनिवारी मुलींचा उपांत्य सामना आहे, त्याआधी पत्र मिळालं तर बरं. आईला नमस्कार.

तुमची लेक