गाडीतल्या फ्रीजसाठी काकांना पत्र

ती. काका यांस,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. कॅम्परव्हॅनमध्ये, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या गाडीत, फ्रीज बसवायचा म्हणून गोंधळलेले माझ्यासारखे पुष्कळ असतील. तुम्ही मला जे समजावून सांगितलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, असं मनापासून वाटतं.

कोणता फ्रीज घेऊ, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नाव सुचवलं नाहीत. उलट विचारलंत, "ठेवणार काय त्यात?" आईचं इन्सुलिन, असं सांगितल्यावर तुम्ही खुर्ची पुढे ओढून बसलात आणि कागद मागितलात. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं, आणि एकदा गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं. भाजी एक दिवस कोमेजली तर चालतं, इथे तसं चालत नाही. तुम्ही हे लगेच ओळखलंत, आणि पुढची प्रत्येक निवड त्याच कसोटीवर लावलीत.

थर्मोइलेक्ट्रिक पेटी, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेनं गार होणारी, तुम्ही पहिल्या दोन मिनिटांतच बाद केलीत. ती हलकी असते, आवाज नाही, कुठेही मावते. मला ती आवडली होती. पण ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 20 अंशच खाली जाते. गाडीत 38 अंश असले तर आत 18. एवढं एकच गणित तुम्ही कागदावर मांडलंत, आणि मला पुढे काही विचारावंच लागलं नाही.

गॅसवर चालणाऱ्या फ्रीजबद्दल मात्र तुम्ही किती आपुलकीनं बोललात! 1922 मध्ये स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला, हे तुमच्याकडूनच कळलं. नुसत्या उष्णतेनं अमोनिया फिरवून थंडावा काढायचा, हलणारा एकही भाग नाही. एकाच जागी मुक्काम टाकणाऱ्याला, गॅस भरपूर असेल तर, तो आजही चांगला. पण गाडी जवळजवळ सपाट उभी हवी, जळलेला वायू बाहेर जाईल अशी नळी हवी, पेट्रोल पंपावर ज्योत विझवायलाच हवी. शिवाय कडक उन्हाळ्यात तो दमतो. आणि 12 व्होल्टवर लावला तर सुमारे 10 अँपिअर सतत ओढतो. गाडी उभी असताना बॅटरीवर तो चालवायचा विचारही करू नकोस, असं तुम्ही बजावलंत.

राहिला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज. तोही तुम्ही आधी हिशेब करून मगच घेऊ दिलात. चालू असताना 45 वॅट. उन्हाळ्यात दिवसाचा निम्मा वेळ चालेल असं धरलं तर 540 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टला 45 अँपिअर-तास. थंडीच्या दिवसांत 30 अँपिअर-तासांच्या आसपास. 100 अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे ती जेमतेम एक दिवस पुरणार. तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर ऊन नसलं तरी दोन दिवसांच्या जवळ जाता येतं. म्हणून लिथियम. छतावर 200 वॅटचं पॅनेल लावलं की स्वच्छ उन्हात 600 ते 800 वॅट-तास मिळतात आणि फ्रीजनं खाल्लेली वीज भरून निघते. घरातला साधा फ्रीज इन्व्हर्टरवर का नको, हेही त्याच कागदाच्या कोपऱ्यात होतं: फ्रीज थांबलेला असतानाही इन्व्हर्टर स्वतःसाठी वीज खात राहतो.

पण काका, तुमचे खरे उपकार फ्रीज आल्यानंतरचे आहेत.

फ्रीज नवा, बॅटरी भरलेली, तरी पहाटे तो बंद पडलेला असायचा. विक्रेत्यानं फ्रीज बदलून घ्या असं सांगितलं होतं. तुम्ही व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन आलात. बॅटरीच्या टर्मिनलवर 13.2 व्होल्ट. मग फ्रीजच्या मागे हात घालून, कॉम्प्रेसर सुरू होईपर्यंत तसेच वाकून थांबलात, आणि आकडा मला वाचायला सांगितलात: 12.5. मधल्या वाटेत 0.7 व्होल्ट गेले होते. गाडीत आधीपासून असलेली वायर 1.5 चौ. मिमी जाडीची होती, जाऊन-येऊन 12 मीटर. रात्रभरात बॅटरीचं व्होल्टेज थोडं उतरलं की फ्रीजला ती रिकामी वाटायची आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो स्वतःच थांबायचा. फ्रीज ज्यात जोडला होता त्या गाडीच्या लायटरच्या सॉकेटमधली पिन सैल, ती वेगळीच. तुम्ही 6 चौ. मिमीची वायर थेट बॅटरीपासून ओढलीत, बॅटरीजवळच फ्यूज लावलात, सॉकेट काढूनच टाकलंत. पुन्हा मोजलं तर 13.0. त्या रात्रीपासून फ्रीज पहाटे बंद पडलेला नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही हातानं तपासलीत. फ्रीजच्या मागच्या फटीत तळहात धरून म्हणालात, "ही गरम हवा जाणार कुठे?" चारही बाजूंनी कपाट बंद होतं, पंखा तीच तापलेली हवा पुन्हा आत ओढत होता. खाली एक आणि वर एक जाळी बसवल्यावर कॉम्प्रेसरच्या थांबण्याच्या वेळा इतक्या वाढल्या की कानालाच कळतं. फ्रीज खरेदी करताना लिटर आणि वॅट सगळे बघतात, या दोन भोकांबद्दल कोणी बोलत नाही. मला ते बॅटरीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

इन्सुलिनची डबी गार होणाऱ्या पत्र्याला टेकू द्यायची नाही, म्हणून तुम्ही मधल्या कप्प्यात पट्टी ठोकून दिलीत. शेजारी कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर. आई रोज सकाळी तो बघते आणि वहीत लिहिते; आकडे 3 ते 6 च्या बाहेर गेलेले नाहीत. पाण्याच्या बाटल्याही आम्ही निघायच्या आदल्या रात्री घरीच गार करून ठेवतो. 10 लिटर पाणी 35 वरून 5 अंशांवर आणायचं तर साधारण 350 वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते, हे तुम्ही दाखवल्यापासून कोमट काही आत जात नाही.

मेहनतीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, वायर आणि फ्यूजचेच घेतलेत. आईला इतकी वर्षं रात्री मुक्काम करायची धास्ती होती; आता पुढचा मुक्काम कुठे, हे तीच ठरवते. हे तुमच्यामुळे झालं, काका, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगायचं होतं.

पावसाळ्याआधी दुसरं पॅनेल लावावं का, असा विचार चालू आहे. सलग ढगाळ दिवसांचा हिशेब मी मांडून ठेवलाय, फक्त तुमच्या नजरेखालून जायला हवा. पुढच्या रविवारी आई आणि मी गाडी घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
मल्टिमीटरवरचा आकडा वाचणारी