‘वीनियल’ आणि ‘वीनल’

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, शब्दकोड्यातल्या ‘वीनियल’ (venial) या इंग्रजी शब्दाबद्दल फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

अर्थ सोपा आहे: क्षम्य, पोटात घालण्यासारखा. लॅटिनमध्ये ‘वेनिया’ म्हणजे क्षमा, त्यावरून तो आला. घोळ होतो तो ‘वीनल’शी (venal). स्पेलिंगमध्ये एका ‘आय’चाच फरक, पण वीनल म्हणजे पैसे चारले की वाकणारा. त्याचं मूळ ‘वेनुम’, विक्री. ‘वेंडर’ त्याच कुळातला. लाचखोर अधिकाऱ्याला चुकून ‘वीनियल’ लिहिलं की त्याला परस्पर माफी! स्पेलचेकही गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. तेव्हा पुढचं नाम बघायचं. वीनियल बहुधा कृत्याला लागतो: सिन, एरर, फॉल्ट, ऑफेन्स. वीनल माणसालाही लागतो, कारभारालाही.

वीनियल हा शब्द मुरला तो चर्चमध्ये. कॅथलिक शिकवणुकीत पाप ‘मॉर्टल’, म्हणजे घोर, ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, तिची पूर्ण जाणीव, आणि स्वतःच्या मर्जीने केलेली कृती. बाब हलकी असेल, किंवा गंभीर असूनही जाणीव वा संमती अपुरी असेल, तर ते वीनियल. म्हणजे केवळ ‘छोटं’ हे माप नाही. मला तरी हा भाग सगळ्यात नेमका वाटतो. मॉर्टल पापाची कबुली पाद्रींपुढे द्यावीच लागते. वीनियलची सक्ती नाही, पण ती द्यावी असं चर्च आग्रहाने सांगतं. आई, वसईच्या तुझ्या मैत्रिणीला विचार, ती हे जास्त चांगलं समजावेल.

बोलताना मात्र वीनियल कोणी फारसं वापरत नाही. लेखांत, निकालपत्रांत शोभतो. हलक्याफुलक्या बोलण्याला ‘पेकाडिलो’ बरा. तो स्पॅनिश, ‘पेकादो’ म्हणजे पाप, त्याचं हे लाडकं लघुरूप. डॉक्टरांनी बंदी घातल्यावर कपाटामागे उभं राहून खाल्लेला पेढा म्हणजे पेकाडिलो. (कोणाचा, ते आईला ठाऊक आहे.) रिमोट उशीखाली घेऊन झोपायची खोड मात्र ‘फॉइबल’, कारण ते एखादं कृत्य नव्हे, स्वभावच. तलवारबाजीत पात्याच्या मधल्यापासून टोकापर्यंतच्या कमकुवत भागालाही फॉइबल म्हणतात, आणि मुठीकडच्या भक्कम भागाला ‘फोर्ट’.

कोड्यात सहा चौकोन असतील तर वीनियल, पाच असतील तर वीनल.

तुमची,
लेक