नाव न घेता, दादा, तुझे आभार

प्रिय दादा,

वाद्यपूजनाच्या भाषणात मी तुझं नाव घेणार, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलं आणि तुझा निरोप आला, "नाव घेतलंस तर मी तिथून उठून जाईन." तू खरंच गेला असतास, म्हणून भाषणात गप्प बसणार आहे आणि नाव न घेता इथे लिहितेय. आपल्या ढोल-ताशा पथकातल्यांना 'मोटार रिवाइंडिंगचं दुकान' एवढं पुरे.

२०१६ च्या जुलैमध्ये मी पहिल्यांदा नदीपात्रात सरावाला आले, तेव्हा कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. मला ताशा वाजवायचा होता. पुण्यात लक्ष्मी रोडवर ताशेवाल्यांकडे पाहत मोठी झालेली मी, डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तू माझ्या हातातल्या काड्या काढून घेतल्यास आणि म्हणालास, "ढोल ताणायला घे." मला वाटलं, दोन दिवसांचं काम असेल. सहा आठवडे चाललं.

बाहेरच्यांना ताण म्हणजे काय ते कळत नाही. पावसाळी हवेत पान, म्हणजे ढोलावर ताणलेलं चामडं, ढिलं पडतं, ढोल बोलेनासा होतो, नुसता धपधपतो. मग एकीने ढोलावर गुडघा रोवून दोरी खेचायची, दुसरीने सुटलेला ढिलेपणा पुढच्या फेऱ्यात सरकवत न्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. मधेच बोटाने टिचकी मारून ऐकायचं. पहिल्या आठवड्यातच तळहाताला फोड आले. त्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत मी पथकाच्या मागून चालले, एका खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, दुसऱ्यावर दोरीचं वेटोळं, कमरेला ढोल वाजवायची जादाची टिपरं. घरी आल्यावर आईजवळ रडले.

पण मागून चालता चालता एक गोष्ट कधी अंगात भिनली ते कळलंच नाही. साठ ढोलांतला कुठला उतरलाय, ते मी न बघता सांगू लागले. तू हे मुद्दाम केलंस का, ते मी कधी विचारलं नाही, आणि तू काही सांगणारा नव्हेसच. पुढे टिपरू हातात आलं, ताशाही आला. २०१९ साली सरावाला एक ओळ माझ्याकडे दिलीस. मग २०२० आणि २०२१ ला मिरवणूकच निघाली नाही. दर पंधरा दिवसांनी गोदामाचं कुलूप उघडून पानं पुसायला आपण दोघंतिघंच असायचो. आत दमट चामड्याचा वास, उंदरांनी कुरतडलेली दोरी आणि तुझा रेडिओ.

आता २०२२. हे लिहावं की नको, यावर दोन दिवस गेले.

दोन वर्षांनी मिरवणूक निघाली होती, गर्दीला उधाण आलं होतं आणि मी पहिल्यांदाच रस्त्यावर ओळप्रमुख होते. माझ्या ओळीत अकरा ढोल. बेलबाग चौकात शिरलो तेव्हा मी हवेत होते. दोन्ही बाजूंना मोबाइल वर धरलेले, आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष त्या मोबाइलांकडेच होतं. अचानक तुझी शिट्टी वाजली, लांब, न थांबणारी. अख्खं पथक थांबलं. मंडळाचे कार्यकर्ते ओरडायला लागले, पोलीस पुढे सरका म्हणत होते. तू मात्र कडेला, साखळीच्या दोराबाहेर, मांडी घालून बसला होतास आणि माझ्या ओळीतल्या एका नव्या पोरीला मीठ-साखरेचं पाणी पाजत होतास. ती सकाळपासून उपाशी होती. केव्हाच ओळीतून बाहेर पडली होती.

अलका चौक ओलांडल्यावर, ढोल टेम्पोत चढवताना, तू एवढंच विचारलंस, "तुझ्या ओळीत किती जण होते?"

"अकरा."

"बेलबागेत किती होते?"

मला सांगता आलं नाही. तू पुढे काहीच बोलला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी ताशाप्रमुख ठरायचा होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तू मला हजेरीची वही दिलीस. मला वाटलं, शिक्षा. उघडून पाहिली तर प्रत्येक नावापुढे तू हाताने रकाने आखले होतेस : घर कुठे, घरी कसं जाणार, सोबत कोण, घरचा फोन, काही दुखणंबिखणं. एकशे अठरा नावं. हडपसरच्या मुलीची बस चुकली तर दुसरी किती वाजता, हे मला त्या मोसमात पाठ झालं. कुणाची परीक्षा आहे आणि कुणाला घरी खोटं बोलून यावं लागतं, हेही. सरावाच्या आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्या समोरच्या सोसायटीतल्या आजोबांकडेही तू मलाच पाठवलंस. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. आपण सराव अर्धा तास आधी आटपू लागलो.

आणि २०२४ ला, काही गाजावाजा न करता, तू शिट्टी माझ्या गळ्यात घातलीस. "माझे गुडघे गेले," म्हणालास. मी पथकप्रमुख झाले ती अशी, ढोल मोजून टेम्पोत भरत असताना.

महिनाही झाला नसेल, ऑगस्टच्या शेवटी हरित लवादाचा आदेश आला : ढोल, ताशे, झांजा मिळून एका पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत. आपल्याकडे एकशे अठरा. रात्री अकराला तुला फोन केला, कुणाला ठेवू आणि कुणाला काढू? मी चांगल्यांत चांगले तीस वादक निवडून यादी तयारही केली होती. तू यादी ऐकून घेतलीस आणि विचारलंस, "ह्यात ताण कोण ओढणार? पाणी कोण देणार?"

मी यादी फाडली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नदीपात्रात बसवून आदेश वाचून दाखवला आणि विचारलं, न वाजवता कोण येईल? पहिला हात आपल्या सगळ्यात जुन्या ताशेवाल्याचा वर गेला. पुढे १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली, विसर्जनाला पाच दिवस राहिले असताना, आणि आपण सगळेच गेलो. पण ती संध्याकाळ झाली नसती तर मी नुसती शिट्टीवालीच राहिले असते.

एका बाबतीत मात्र तुझं चुकलं, असं मला अजून वाटतं. सहा सहा आठवडे ताण ओढायला लावून तू काही चांगली पोरं घालवलीस. सगळ्यांच्या घरी रडून घ्यायला आई नसते. मी नव्यांना पहिल्या संध्याकाळी टिपरू हातात देते, दोन हात वाजवू देते, आणि मग दोरीकडे नेते. तुला हे पटणार नाही. चालेल.

सुपारीच्या पैशांतून यंदा नवी पानं घेतली. हजेरीची वही भरली म्हणून दुसरी केली, रकाने तुझेच ठेवलेत, फक्त 'जेवलीस का' हा एक वाढवलाय. मिरवणुकीत दर चौकाला ओळी मोजते. गेल्या वर्षी दोनदा आकडा चुकला, दोन्ही वेळा थांबवलं, दोन्ही वेळा मंडळाच्या शिव्या खाल्ल्या. एकदा नुसता एकजण चहा प्यायला गेला होता.

रविवारी सकाळी नऊला वाद्यपूजन आहे. ये. नाव घेणार नाही, नारळही तुझ्या हातून फोडायला लावणार नाही. बारा नंबरच्या ढोलाची कडी वाकलीये, तेवढा दुकानातून पाना घेऊन ये.

तुझी,
बाटल्यांची पिशवीवाली