रक्त लागलं होतं, उडालं नव्हतं: फॉरेन्सिकच्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाला जाहीर कौतुकाचाही त्रास होऊ शकतो. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत माझे वडील गेले, त्या सकाळी तुम्ही फॉरेन्सिकच्या व्हॅनमधून आलात. हे पत्र माझ्या वतीने आहेच, त्याहून जास्त मावशींच्या वतीने आहे.

मावशी बाबांना सांभाळायला यायच्या. त्या दिवशी लॅच उघडून आत गेल्या तर बाबा पॅसेजमध्ये पडलेले, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रक्तच रक्त. मी ऐरोलीहून पोचेपर्यंत जिन्यात माणसं जमली होती आणि त्यांचा निकालही लागला होता. किल्ली मावशींकडे, साडीला रक्त मावशींच्या, मग आणखी काय हवं? एका नातेवाइकांनी ओट्याखालच्या विळीकडे बोट दाखवलं. पात्यावर लालसर डाग होता.

तुम्ही कोणाचंही काही ऐकण्याआधी फरशी बघितली. ती बघायला शिल्लक होती, याचे आभार दारात उभ्या असलेल्या हवालदारांचे. शेजारच्या काकू बादली-पोछा घेऊन आल्या होत्या, अगदी चांगल्या मनाने, पण हवालदारांनी कोणालाही उंबरठा ओलांडू दिला नाही.

शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर पोलीस ठाण्यात तुम्ही मला जे समजावून सांगितलंत, ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं. थेंब सरळ खाली पडला तर डाग गोल उमटतो. तिरका आदळला तर लांबट होतो. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आदळण्याच्या कोनाची साइन, त्यामुळे रुंदी लांबीच्या निम्मी असली की कोन ३० अंशांचा. निमुळतं टोक थेंब कुठल्या दिशेने चालला होता ते दाखवतं. आमच्या पॅसेजमधले थेंब बहुतेक गोल होते, कमी उंचीवरून पडलेले, आणि पलंगाकडून बाथरूमकडे जाणाऱ्या ओळीत. भिंतीवरचे बारीक शिंतोडे सगळे गुडघ्याच्या खाली. हत्याराने पुन्हा पुन्हा वार झाले, तर हात मागे जाताना पात्यावरचं रक्त छतावर आणि भिंतीच्या वरच्या भागात रांगेने उडतं. आमचं छत स्वच्छ होतं. ओल्या रक्तात उमटलेली अनवाणी पावलं एकाच माणसाची होती, बाबांची.

बाबांच्या पायाच्या शिरा वर्षानुवर्षं फुगलेल्या होत्या, व्हेरिकोज व्हेन्स. घोट्याजवळची एक शीर फुटली होती. उभं असताना हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार तिथे येतो, त्यामुळे एवढ्याशा भोकातूनही धार लागते. फारसं दुखत नाही, म्हणून माणूस धुवायला बाथरूमकडे चालत जातो, आणि उभं राहिल्यानेच रक्त जास्त जातं. त्यात बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. अशा वेळी आडवं व्हायचं, पाय हृदयापेक्षा वर उचलायचा आणि ती जागा घट्ट दाबून धरायची. हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. ज्यांच्या घरी अशा शिरांचं माणूस आहे त्यांनी हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा, एवढी माझी विनंती आहे.

आता साडी. तिच्या पदराला आणि गुडघ्याच्या जागी रक्त भिजून चोपडलेलं होतं. मावशींनी गुडघ्यावर बसून बाबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तसंच ते होतं. उडालेले बारीक ठिपके तुम्हाला भिंग लावूनही दिसले नाहीत. तरीही तुम्ही साडी जप्त केलीत, सावलीत वाळवून प्लॅस्टिकऐवजी कागदात बांधलीत, कारण ओलं रक्त प्लॅस्टिकमध्ये कुजतं. पंचांच्या सह्या, लाखेचं सील, सगळं रीतसर. विळीवरच्या डागावर फिनॉल्फ्थॅलिन आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलंत. रक्त असतं तर लगेच गुलाबी रंग आला असता. तो आला नाही. आदल्या दिवशी मावशींनी सोलकढी केली होती, कोकमाचा डाग होता तो.

आणि एवढं सगळं दिसत असतानाही, अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दिसतंय ते मी लिहिते. मृत्यू कशाने झाला ते डॉक्टर सांगतील." तेव्हा मला तुमचा राग आला होता. बाहेर मावशी थरथरत बसल्या होत्या, त्यांना तिथल्या तिथे मोकळं का करत नाही, असं वाटत होतं. नंतर अमेरिकेतल्या डेव्हिड कॅमबद्दल वाचलं आणि तुमचा तो संयम केवढा मोलाचा होता ते कळलं. २००० साली इंडियाना राज्यात त्याच्या बायकोचा आणि दोन मुलांचा खून झाला. त्याच्या टी-शर्टवर आठ बारीक डाग होते. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, हे गोळीबारात उडालेलं रक्त. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, मुलीला स्पर्श झाला तेव्हा लागलेलं. दोनदा दोषी ठरून शेवटी २०१३ साली तो निर्दोष सुटला. डागांच्या या अभ्यासात अनिश्चितता प्रचंड आहे, असं तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ सालच्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. मावशींच्या साडीला जर चार ठिपके असते आणि तुमच्या जागी घाईने बोलणारं कोणी असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून झोप उडवतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ते लवकर व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे शेवटी अकस्मात मृत्यूचीच नोंद झाली, पण त्या सकाळी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

ज्या एजन्सीतर्फे मावशी काम करायच्या तिने त्यांचं नाव यादीतून काढलं होतं. डॉक्टरांच्या अहवालाची प्रत घेऊन मी स्वतः गेले, तेव्हा ते परत घातलं. आता त्या कळव्याला एका आजींकडे असतात.

हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांचा निरोप असा: "मॅडमना सांग, साडी मागायला आल्या तेव्हा पहिल्यांदा मला पाणी दिलं होतं, आणि बदलायला वेळ दिला होता. तेवढं लिही."

आपली कृतज्ञ,
बाबांची मुलगी, नौपाडा, ठाणे